बारीच्या खिंडीत गाडी कुठे लावायची?

सकाळचे सहा वाजून गेले होते. कळसूबाईच्या माथ्यावरून सूर्योदय बघायला निघालेले आम्ही पाच जण बारी या पायथ्याच्या गावाच्या अलीकडच्या चढावर हँडब्रेक ओढून गाडीतच बसलो होतो. पुढे एक सतरा सीटर ट्रॅव्हलर, तिच्यापुढे सात-आठ मोटारी, आणि त्यांच्याही पुढे काय आहे ते धुक्यात दिसत नव्हतं. समोरून एसटी येत होती, म्हणजे येऊ बघत होती. वळणाच्या दरीकडच्या अंगाला कुणीतरी गाडी लावून खुशाल डोंगर चढायला निघून गेलेलं. कंडक्टर खाली उतरला, शिट्टी तोंडात धरून दोन्ही हातांनी अंतर दाखवू लागला. ड्रायव्हरने आरसा मिटला. एसटी वीतभर पुढे, हातभर मागे. वीस मिनिटं हेच. माझ्या खिडकीशेजारी एक दूधवाला मोटारसायकल बंद करून उभा होता. मागे दोन्ही बाजूंना किटल्या, झाकणाखाली ओलं फडकं. "दर रविवारी असंच का?" मी विचारलं. तो म्हणाला, "दादा, म्हशीला थोडाच रविवार कळतो?"

त्या रांगेतली एक गाडी माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचं सगळं ते धरूनच वाचावं.

असा एखादा रविवार झाला की सोमवारपासून एकच मागणी सुरू होते: रस्ता रुंद करा. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' असं त्याला म्हणायची एक हौसही आहे आपल्याला (एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या पायथ्याला कुणी चारचाकीने जात नाही, ते सोडून द्या). एवढ्या मोठ्या शिखराच्या पायथ्याशी जाणारा रस्ता एवढासा कसा, असा सूर असतो. आमदारकीच्या भाषणात तो येतो, ट्रेकिंगच्या ग्रुपांत येतो, बारीतल्या चहाच्या टपरीवरही येतो. माझं म्हणणं असं की बारीचा रस्ता चांगला हवा, पण रुंद व्हायची त्याला गरज नाही. गर्दीच्या दिवशी बाहेरून येणाऱ्या खासगी गाड्यांनी तो चढूच नये. माझीही त्यात आली.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'डोंगरात रस्ताच नको, निसर्ग जसा आहे तसा राहू द्या' म्हणणाऱ्यांतला मी नाही. ही भूमिका ठाण्या-पुण्यात बसून घेता येते. बारीतल्या माणसाला राजूरला दवाखान्यात जायचं असतं, पोरांना शाळा-कॉलेज गाठायचं असतं, दूध डेअरीवर वेळेत पोचवायचं असतं. बारी म्हणजे मुळात खिंडच. बागलाणात सेलबारी, डोलबारी म्हणतात, त्यातलीच ही बारी. गाव वसलंय तेच येण्याजाण्याच्या वाटेवर. तेव्हा रस्त्यावर पहिला हक्क एसटीचा, दूधवाल्याचा, रुग्णवाहिकेचा. आम्ही ट्रेकवाले पाहुणे आहोत आणि पाहुण्याने ओसरीवर बसायचं असतं, चुलीपाशी नाही. आज नेमकं उलटं झालंय. पाहुण्यांच्या गाड्या गावाच्या उंबऱ्यात उभ्या आणि घरातला माणूस बाहेर अडकलेला.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कळसूबाईला जायचं म्हणजे शेवटची कसारा लोकल पकडायची, स्टेशनावर वर्तमानपत्र अंथरून पडायचं, पहाटे घोटीला जाणारी जीप किंवा एसटी गाठायची आणि तिथून बारी. जीपमध्ये पुढे ड्रायव्हर धरून चौघे, मागे कोंबड्या, माणसं आणि आमच्या सॅक. गर्दी तेव्हाही असायची, पण ती जीपमध्ये होती, रस्त्यावर नव्हती. पन्नास पोरं चार जीपमध्ये मावायची. आज पन्नास पोरांना पंधरा गाड्या लागतात. आणि त्या गाड्या आता भराभर येतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यात पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा आहे. कसारा घाटात ट्रकांच्या मागे रांगत जाण्यात जो वेळ जायचा, तो आता मिनिटांवर आला. हजारो कोटी ओतून आपण मुंबईकराला इगतपुरीपर्यंत सुसाट आणून सोडलं, आणि तिथून पुढे तो ज्या रस्त्याला लागतो, त्यावर दोन एसटी समोरासमोर आल्या तर एकीला साइडपट्टीवर उतरावं लागतं. मोठ्या नळाला बारीक तोटी लावल्यावर घरात पाणी साचणारच. मग तोटी मोठी करा म्हणतात. खाली भांडं केवढं आहे, ते कुणी बघत नाही.

भांडं म्हणजे सपाट जागा. थोडं गणित करू. एक मोटार उभी करायची तर ती वळवायला-काढायला लागणारी जागा धरून पंचवीस चौरस मीटर लागतात. पाचशे गाड्या म्हणजे साडेबारा हजार चौरस मीटर, तीन एकरांहून जास्त. डोंगराच्या कुशीतल्या गावात एवढी सपाट जमीन कुठे असते? भातखाचरांत. पिढ्यानपिढ्या बांध घालून, माती अडवून केलेली ती खाचरं हीच तिथली सपाटी. पावसाळा हाच भाताचा हंगाम आणि तोच आमचा ट्रेकिंगचा सीझन. रस्ता रुंद केला की शिखर मोठं होत नाही, माथ्यावरचं देऊळ मोठं होत नाही, लोखंडी शिड्यांवर एका वेळी चढणारी माणसंही वाढत नाहीत. वाढतात फक्त पायथ्याला येऊन थांबणाऱ्या गाड्या, आणि त्यांना जागा द्यायला कुणाचं तरी खाचर मुरूम टाकून सपाट केलं जातं. भाताच्या पिकाआधी पार्किंगच्या पावतीचे पैसे रोख हातात येतात, म्हणून शेतकरी तयारही होतो. त्याला दोष देता येत नाही. पण मुरूम टाकलेलं खाचर पुन्हा खाचर होत नाही.

आता खुद्द डोंगराचं. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर. घाटात कापलेल्या कड्याकडे नीट पाहिलं तर काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा मातकट पट्टा दिसतो. तो मऊ असतो. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी तिथे अडतं, आडवं वाहू लागतं, पट्टा भिजून भुसभुशीत होतो आणि वरच्या कातळाचा आधार सुटतो. डोंगर शाबूत असतो तेव्हा उताराचा खालचा भाग वरच्याला टेकू देऊन असतो. रस्ता रुंद करताना आपण नेमका तो टेकूच कापतो, कारण दरीच्या बाजूला भर घालण्यापेक्षा डोंगराच्या बाजूला जेसीबी लावणं स्वस्त पडतं. कापून निघालेला राडारोडा दरीत ढकलला जातो, तो ओढ्यात बसतो, मोऱ्या तुंबतात, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि दोन पावसाळ्यांत डांबर खालून पोखरलं जातं. हा सगळा मुलूख पावसाचं माहेरघर. शेजारच्या घाटघरला तर नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. अशा ठिकाणी अरुंद पण गटार स्वच्छ असलेला, मोऱ्या मोकळ्या असलेला रस्ता जास्त टिकतो. रुंद केलेला दर श्रावणात दगड झेलत बसतो. जुलै २०१४ मधलं माळीण, जुलै २०२१ मधलं तळिये, जुलै २०२३ मधली इर्शाळवाडी ही नावं घेऊन मला कुणाला भिववायचं नाही. तिथली कारणं वेगवेगळी होती. पण जुलैतला भिजलेला सह्याद्री किती कमी निमित्ताने सुटतो, हे त्यानंतर तरी आपल्याला माहीत असायला हवं. बारीला पैसा खर्चायचाच असेल तर कठडे, वळणांवरचे बहिर्गोल आरसे, मोऱ्या, आणि दर काही अंतरावर एसटीला बाजूला घेण्यापुरता पसरट तुकडा एवढ्यावर करावा.

शिवाय सपाटीवर गाडी शिकलेला माणूस घाटात काय करतो, ते एकदा बारीच्या चढावर उभं राहून बघण्यासारखं आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटातला साधा नियम. वाहतुकीच्या नियमांतही तो आहे. पण उतरणारा लाइट मारत अंगावर येतो. चढताना अडकलेला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो, दहा मिनिटांत क्लच जळल्याचा वास. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये यायचं हे माहीत नसल्यामुळे ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, ब्रेक तापतात आणि मग खाली चाकांतून धूर निघतो तेव्हा गाडीची कंपनी खराब ठरते. एसटीच्या ड्रायव्हरला हे सगळं झोपेतही येतं. मला विचाराल तर पावसाळी घाट ज्याचा रोजचा आहे त्याच्याच हातात स्टिअरिंग असावं.

हे स्वप्नरंजन नाही, कारण आपल्याकडे हे चालू आहे. वणीच्या सप्तशृंगी गडाचा घाट नांदुरीपासून सुरू होतो. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि तिथून वर एसटी नेते. लाखो भाविक ते मुकाट्याने करतात. साहेबांच्या गाड्या वर जातात अशी कुरकुर असते, ती आपल्याकडे कुठे नसते? हा घाट किती कठीण आहे ते जानेवारी २००८ मध्ये दिसलं. खासगी बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये तिथे एसटीलाही अपघात झाला, एका बाईचा जीव गेला, हेही सांगायला हवं. एसटी म्हणजे जादूची कांडी नाही. पण घाटात चारशे नवखे ड्रायव्हर असण्यापेक्षा वीस मुरलेले असणं केव्हाही बरं, आणि बस सुस्थितीत ठेवण्यासाठी जाब विचारायला निदान कुणीतरी असतं.

माथेरानचं तर सगळ्यांना ठाऊक आहे: दस्तुरी नाक्याला गाडी सोडा, पुढे चाला. कुणी माथेरानला जायचं थांबलं का? साताऱ्याच्या कास पठारावर हंगामात ऑनलाइन नोंदणी, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, गाड्या अलीकडे थांबवून पुढे बस, आणि हे सगळं बघायला आसपासच्या गावांची समिती. कासबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, कुंपणावरून तर बरीच वर्षं वाद झाला. पण फुलांवर गाड्या घालणारे दिवस गेले.

याउलट सिंहगड. मे २०२२ मध्ये तिथे खासगी गाड्या खाली थांबवून वर ई-बस सुरू केल्या, आणि महिना संपायच्या आत प्रयोग गुंडाळला. माझे विरोधक मला हमखास सिंहगड ऐकवतात, आणि त्यांनी तो ऐकवावाच. मी त्यातून एवढंच घेतो की आधी बस लागतात आणि मग बंदी. पर्यटकांनी गजबजणाऱ्या मे महिन्यात, रविवारच्या गर्दीला पुरतील एवढ्या फेऱ्या आणि त्यांची चार्जिंगची सोय पक्की नसताना खासगी वाहनं बंद केली की लोक उन्हात रांगेत उभे राहतात आणि योजनेला शिव्या बसतात. पाचशे मोटारींतून दोन हजार माणसं येतात असं धरा. चाळीस आसनांच्या दहा गाड्यांनी प्रत्येकी पाच फेऱ्या केल्या तर तेवढीच माणसं वर पोचतात. दहा गाड्या, तेही शनिवार-रविवार, तेही जून ते फेब्रुवारी. आषाढीला पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडणाऱ्या एसटीला हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये.

पायथ्याच्या रस्त्यावर आणखी एका जीवाचा हक्क आहे, तो काजव्याचा. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, वळीव पडून गेल्यावर, भंडारदऱ्याच्या भोवतीच्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. हजारो काजवे, पूर्ण झाड एकाच लयीत. हा सगळा प्रदेश १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला, साधारण ३६१ चौरस किलोमीटरचा. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. त्या सादेवर आपण एलईडी हेडलाइटचा झोत टाकतो, एकामागून एक, मध्यरात्रीपर्यंत. घाटघर-साम्रदच्या रस्त्यावर एका जूनमध्ये मी पाहिलं: गाड्यांच्या रांगेच्या एका बाजूचं झाड काळं, आणि रस्त्यापासून दूर, ओढ्यापलीकडचं झाड पेटलेलं. काजवे बघायला आलेल्यांनीच काजवे विझवले होते. वनखाते नियम करते, वेळ ठरवते, पण दिवे घालवा असं शंभर ड्रायव्हरांना पटवणं आणि पाच ड्रायव्हरांना पटवणं यात फरक आहे.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच आहे. गाड्या थांबवल्या तर गावाचं काय? बारीजवळच्या जहागीरदारवाडीत ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं उतरतो, त्या मावशींना मी हे विचारलं. पिठलं-भाकरी थापता थापता त्यांनी जे सांगितलं त्याने माझीच समज सुधारली. "पहिलं लोक मुक्कामी यायचे," म्हणाल्या, "रातच्याला जेवायचे, सकाळी न्याहारी, उतरल्यावर पुन्हा जेवण. आता सगळे धावते पाहुणे. रात्री दोनला गाडी लावत्यात, डोंगर करून दहाला परत. पाण्याची बाटलीसुद्धा गाडीत." रस्ता जितका सोपा, तितका माणूस कमी वेळ थांबतो आणि कमी खर्च करतो. गर्दी वाढली म्हणजे धंदा वाढला, हे लांबून वाटतं. जवळून बघितलं तर पार्किंगची पावती फाडणाऱ्या दोघा-चौघांचं भलं होतं आणि चुलीपुढे बसणारीचं होतंच असं नाही.

मागे राहतो तो कचरा. कळसूबाईची गोष्ट इकडे सांगतात ती अशी: कळसू नावाची मुलगी एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी पाहुणे आले आणि घरच्यांनी तिला भांडी घासायला लावली. तिने घासली आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमची. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. सोमवारी सकाळी त्याच वाटेवर गावातली पोरं पोत्यांत प्लास्टिकच्या बाटल्या आणि चकाकत्या वेष्टनांचा खच भरून खाली आणतात. पाहुण्यांची भांडी घासायला नको म्हणून जी डोंगरावर जाऊन बसली, तिच्या दारापर्यंत आम्ही आमची उष्टी पोचवलीत.

म्हणून नुसता सरकारी आदेश काढून भागायचं नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन जमावबंदी लावतं, धबधबे-गड बंद म्हणतं, आणि एखादी दुर्घटना विस्मरणात गेली की पुन्हा सगळं मोकळं. बंदीत कुणाचाच फायदा नसतो, त्यामुळे ती टिकावी असं कुणालाच वाटत नाही. अकोले तालुक्याचा हा आदिवासी पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला आपल्या साधनांबद्दल बोलायचा हक्क दिलाय. मग वाहनतळ घोटीच्या आणि भंडारदऱ्याजवळच्या शेंडीच्या बाजूला असावा, पण त्याची पावती ग्रामसभांच्या समितीची असावी. मोठ्या फेऱ्या एसटीने कराव्यात, आणि पहाटेच्या, अवेळीच्या फेऱ्या गावातल्या जीपनी. माणशी पन्नास-साठ रुपये ट्रेकर देतो. टोलला त्याहून जास्त जातात, तेव्हा तो कुरकुरत नाही. बारीतल्या माणसाच्या गाडीला, पाहुण्याला, लग्नाच्या वऱ्हाडाला कुठलीही अडवणूक नको. म्हातारी, अपंग माणसं गाडीने थेट जावीत. आणि एक पावसाळा आधी नुसत्या बस चालवून बघाव्यात, बंदी न घालता. लोक आपण होऊन किती बसतात ते कळेल.

हे सगळं मी मावशींपुढे मोठ्या उत्साहाने मांडलं. त्यांच्या थोरल्या मुलाने दोन वर्षांपूर्वी जुनी जीप घेतलीय, हप्ते अजून चालू आहेत. तोही दारात येऊन ऐकत उभा राहिला. मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली, काठ निखाऱ्याकडे करून फुगवली आणि मग म्हणाल्या, "चांगलं हाये. पर घोटीत ज्याच्या पंधरा जीपा हायेत, त्यो हे काम घेणार का आमच्या पोराला भेटणार, ते आधी ठरवा. नाय तर रस्ताच रुंद करा म्हणावं, निदान दारात गिऱ्हाईक तरी येईल."

मुलगा माझ्याकडे बघत होता. माझी गाडी त्यांच्याच अंगणात उभी होती, आणि पावतीचे पन्नास रुपये मी अजून द्यायचे होते.